पंख्याखालची खुर्ची

नंदुरबारात घरातला कर्ता माणूस ओळखायचा असेल तर त्याचं वय विचारू नये आणि सातबारा तर मुळीच मागू नये. मे महिन्यात दुपारी दोन वाजता घरात शिरावं आणि पंख्याच्या बरोबर खाली कोण बसलंय ते बघावं. पारा ४३ वर गेलेला असतो, बाहेर मिरचीच्या पथारीवरून आलेला वारा डोळ्यांत आणि नाकात एकदमच शिरतो, अशा वेळी घरातली जी जागा पंख्याच्या पात्यांखाली येते तिच्यावरून घराण्यांत भाऊबंदकी होऊ शकते. आमच्या बैठकीत ती जागा आधी वडिलांची होती, वडिलांनंतर माझी झाली. मला वारसाहक्काने मिळालेली एवढी एकच गोष्ट आहे जिच्यावर कुणी हरकत घेतली नाही.

या खुर्चीत बसून मी ३१ वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या, निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्रं तपासली, आणि मला कायम असं वाटत आलं की घरातलं सगळं मला इथून दिसतं आणि सगळं ऐकू येतं. हा समज यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेला. तो एका काळ्या पेटीने घालवला.

मुलगा सुरतेला असतो. आखाजीला लेकी माहेरी येतात ही खानदेशातली रीत, पण आम्हाला लेक नाही, म्हणून मुलगाच येतो आणि झोके सोडून लेकीचे बाकी सगळे लाड करून घेतो. यंदा तो येताना होम थिएटर घेऊन आला. पाच लहान खोकी आणि एक मोठं, काळं, पिठाच्या डब्याएवढं. लहान खोक्यांची सोय तासाभरात लागली. तीन टीव्हीजवळ, दोन मागच्या भिंतीवर. ती बिचारी खिळ्याला टांगली की गप्प टांगून राहिली. मोठं मात्र बैठकीच्या मधोमध उभं राहिलं आणि घरातले सगळे त्याच्याभोवती.

आईने आपल्या कोपऱ्यातल्या खाटेवरून विचारलं, "हाई काय लई उना रे भाऊ?"

मुलगा मोठ्याने म्हणाला, "सबवूफर, आजी!"

आईला ऐकू कमी येतं. तिने मान डोलावली आणि माझ्या बायकोला सांगितलं की गहू भरायला बरी कोठी आणली, फक्त झाकण दिसत नाही.

बायकोने पेटीला सगळीकडून फिरून पाहिलं. एका बाजूला काळी जाळी, मागे दोन बटणं, आणि खाली मनगट जाईल एवढं एक भोक. "याचं तोंड कुठलं?" तिने विचारलं. प्रश्न वरवर साधा होता, पण पुढचे पंधरा दिवस आम्ही सगळे त्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. भोकाचं मात्र मला लगेच कळलं. लहानपणी अंगणातल्या रिकाम्या रांजणात डोकं घालून आरोळी ठोकली की आपलाच आवाज आजोबांचा होऊन परत यायचा. पोट मोठं, गळा अरुंद आणि आत हवा, की ती हवा स्प्रिंगसारखी वरखाली होते आणि एका ठरावीक खालच्या सुरावर घुमते. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने याचं गणित मांडलं, आमच्याकडे तो शोध दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं नव्याने लावत असत आणि रांजण उष्टा केला म्हणून मार खात असत.

मुलाने समजावलं की या संचाला फाइव्ह पॉइंट वन म्हणतात. पाच ही ती लहान खोकी, आणि पूर्णांकानंतरचा एक म्हणजे ही पेटी. म्हणजे आकाराने सर्वांत मोठी, वजनाने सर्वांत जड, आणि हिशेबात एक दशांश. मला ही पेटी त्याच क्षणी जवळची वाटली. कारण असं की माणसाचा कान साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. त्यातला १२० च्या खालचा चिमूटभर भाग एवढंच हिचं काम, म्हणून तिला पूर्ण आकडा द्यायला कुणी तयार झालं नाही. १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटापासून ही पाच अधिक शेपटी अशी व्यवस्था डॉल्बी डिजिटल होऊन थिएटरात आली, आणि थिएटरातून हळूहळू आमच्या बैठकीत.

"पप्पा, हिचं एक बरं असतं," मुलगा निघताना म्हणाला, "ही कुठेही ठेवली तरी चालते. आवाज कुठून येतो ते कळतच नाही." आणि तो संध्याकाळच्या गाडीने सुरतेला गेला. 'कुठेही' हा शब्द मागे ठेवून गेला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपल्याला डोक्याच्या दोन बाजूंना दोन कान आहेत म्हणून कळतं. किणकिणत्या बांगडीच्या आवाजाची लाट काही सेंटिमीटरची असते, मधे डोकं आलं की अडते, म्हणून एका कानाला जास्त आणि दुसऱ्याला कमी पोचते. पण २० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट १७ मीटर लांब असते. तिच्यापुढे आपलं डोकं म्हणजे तापीच्या पुरात रोवलेली काठी. पाणी वळसा घालून पुढे निघून जातं, काठी होती हेही त्याच्या लक्षात येत नाही. दोन्ही कानांना सारखंच ऐकू येतं आणि मेंदू हात टेकतो. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्या जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, तेव्हा पत्त्याच्या बाबतीत आमचा जिल्हा देशाच्या पुढे आहे. पण खर्जातल्या आवाजाला पत्ता लावणं टेंभलीलाही जमलं नसतं.

तरीही पेटीला कुठेतरी ठेवावं लागणारच. माणसाला पत्ता नसला तरी चालतं, त्याच्या वजनाला जागा लागतेच.

पहिल्या दिवशी तिला टीव्हीच्या बाजूला ठेवलं. मी खुर्चीत बसलो, पंखा चालू केला, युद्धाचा एक चित्रपट लावला. पडद्यावर पूल कोसळला. माझ्यापर्यंत जे पोचलं ते कुणीतरी शेजारच्या खोलीत उशी झटकल्यासारखं होतं. त्याच क्षणी स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, काय पाडलंत?" मला काही ऐकू आलं नव्हतं आणि तिचा चहाचा कप बशीवर नाचला होता.

दुसऱ्या दिवशी पेटी शोकेसजवळ गेली. तिथे दुसरीच तऱ्हा. बायकोने तिच्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि वर फुलदाणी ठेवली, कारण आमच्या घरात उघड्या पाठीची वस्तू चालत नाही. अर्ध्या चित्रपटात फुलदाणी चालत कडेपर्यंत आली. मांडणीवरच्या स्टीलच्या ताटांनी स्वतःचा ऑर्केस्ट्रा सुरू केला. पेटीच्या एका ठरावीक सुराला फक्त तिसऱ्या ओळीतलं एकच ताट झणझणायचं, बाकी सगळी शांत. वर्गात असा एक मुलगा असतोच, कुणाही शिक्षकाचं काहीही चाललेलं असो, एका विशिष्ट शब्दाला तोच हसतो. शेवटी तोफांचा गडगडाट आला आणि भिंतीवरचा वडिलांचा फोटो थरथरला. वडील हयात असताना रेडिओचा आवाज वाढला की असेच थरथरायचे. मी ताबडतोब बंद केलं.

मग सल्ले आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक डीजेवाला राहतो, माझा जुना विद्यार्थी. लग्नसराईत त्याच्या टेम्पोवर अठरा इंची बेसचे डबे एकावर एक रचलेले असतात. तो आला, पेटीकडे तालमीतल्या वस्तादाने शाळकरी पोराकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाला, "सर, कोपऱ्यात ढकला. दणका वाढंल." का वाढेल ते त्याला सांगता येईना, पण त्याचं बरोबर होतं. मोकळ्या मैदानात खालचा आवाज चारी दिशांना पांगतो. भिंतीला टेकला की त्याच्या अर्ध्या वाटा बंद होतात, कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून त्याला एकाच बाजूला ढकलतात. म्हणून तर यात्रेतल्या तंबूत चित्रपट बघताना आम्हाला तोफेचा आवाज कधी आलाच नाही. तिथे भिंतीच नव्हत्या, आणि जो भोंगा होता त्याला गळा होता, पोट नव्हतं. नायक, खलनायक, तोफ, रेल्वे, सगळ्यांचा आवाज एकाच नाकातून यायचा.

दणक्याच्या हौसेला तशी मर्यादा नाही. १९७४ साली अमेरिकेत भूकंपावरचा एक चित्रपट आला, 'अर्थक्वेक' नावाचाच. त्यासाठी थिएटरात प्रचंड स्पीकर आणून बसवले होते, प्रेक्षकांना खुर्चीतच भूकंप व्हावा म्हणून. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरात छताचा गिलावा डोक्यावर पडू नये म्हणून प्रेक्षकांच्या वर जाळं बांधलं. आमच्या छताला मागच्या पावसात ओल आली होती. हा इतिहास मी बायकोला सांगितला नाही.

डीजेवाल्यानंतर शालक आले. ते वास्तुशास्त्र जाणतात. त्यांनी होकायंत्र काढलं, ते मोबाईलमध्येच असतं, आणि सांगितलं की जड वस्तू नैऋत्येला हवी. विज्ञान आणि वास्तू यांचं एकमत होण्याचा प्रसंग आयुष्यात क्वचित येतो. दोघेही कोपरा म्हणत होते. अडचण एवढीच की नैऋत्येच्या कोपऱ्यात माझ्या आईची खाट होती. आईचं वय ८४. तिला हलवावं असं म्हणायची हिंमत वास्तुपुरुषालाही झाली नाही. शालकांनी चहा घेतला आणि "मग ईशान्येला ठेवू नका म्हणजे झालं," असं तडजोडीचं वाक्य टाकून निघाले.

शेजाऱ्यांचंही ऐकावं लागलं. आमची एक भिंत सामाईक आहे आणि भिंतीपलीकडची मुलगी कसल्याशा परीक्षेचा अभ्यास करते. "काका, डायलॉग ऐकू येत नाहीत, नुसतं धुमधुम येतं," ती म्हणाली. त्यात तिचा नाही, भिंतीचा दोष. बारीक आवाज विटा अडवतात, जाड आवाज आरपार जातो. सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. पण ते मोजण्याची जी पट्टी आहे ती माणसाच्या कानाच्या आवडीनिवडीवर बेतलेली. ५० हर्ट्झच्या आवाजाला ती जवळजवळ ३० डेसिबलची सूट देते. म्हणजे कायद्याच्या कानालाही खर्ज कमीच ऐकू येतो. शेजारच्या मुलीच्या कानाला मात्र अशी सूट नव्हती. रात्री दहाला पेटी बंद, असा आमच्या घराने स्वतःचाच नियम केला.

हे सगळं चाललं असताना माझं मूळ दुःख तसंच होतं. पेटी कुठेही ठेवा, घरभर ऐकू येई. स्वयंपाकघरात, ओट्यावर, शेजारच्यांकडे, आईच्या खाटेपाशी. फक्त माझ्या खुर्चीत नाही. मला आधी वाटलं कान गेले. मग वाटलं वस्तू सदोष आहे. मग मी टेप घेऊन खोली मोजली, आणि दोष निघाला तो बांधकामाचा. म्हणजे वडिलांचा.

आमची बैठक १५ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच. आता ३० फुटांची एक ध्वनिलाट मनात धरा. ती या १५ फुटांच्या खोलीत धोतराची घडी घातल्यासारखी बरोबर अर्धी होऊन बसते. तिचा सूर येतो साधारण ३८ हर्ट्झ. चित्रपटातले पूल, तोफा आणि ढग याच भागात कोसळतात, कडाडतात. ही लाट दोन्ही टोकांच्या भिंतींवर जाऊन जोरात आपटते, आणि खोलीच्या मधोमध तिचं मोल शून्य होतं. झोका टोकाला थांबतो आणि मध्यातून सुसाट जातो, इथे त्याच्या उलट: कानाला जो दाब लागतो तो टोकांना भरपूर आणि मध्यात काहीच नाही. रुंदीचंही तेच, १० फुटांना ५६ हर्ट्झ, तोही मध्यात गप्प. उंचीही १० फूटच, म्हणजे तोच ५६ पुन्हा. गवंड्याने लांबी, रुंदी, उंची यांत थोडी विविधता ठेवली असती तर बरं झालं असतं, पण त्या काळी लोक घर राहायला बांधत, ऐकायला नाही.

अमेरिकेतली घरं लाकडाची आणि पातळ भिंतींची असतात, तिथे बराचसा खर्ज भिंतीतून बाहेर निसटतो. आमचं काम पक्कं, विटांचं आणि वर स्लॅब. आत आलेला आवाज उधारी वसूल करायला आलेल्या वाण्यासारखा सहजी जात नाही, इकडून तिकडे फिरत राहतो. शिवाय उन्हाळ्यात हवा तापली की आवाज जास्त वेगाने पळतो, म्हणून जो सूर जानेवारीत ३७ चा तो मे महिन्यात ३९ होतो. नंदुरबारच्या उन्हात आमची खोलीसुद्धा थोडी वरच्या पट्टीत गाते.

हिशेब कागदावर मांडून मी वर पाहिलं. पंखा गवंड्याने छताच्या बरोबर मध्यभागी लावला होता. पंख्याखाली खुर्ची. म्हणजे लांबीचं शून्य आणि रुंदीचं शून्य जिथे एकमेकांना छेदतात त्या बिंदूवर आमचं घराणं दोन पिढ्या बसत आलं होतं.

मला एकदम वडील आठवले. आई स्वयंपाकघरातून काही बोलली की ते याच खुर्चीतून "आँ?" करायचे. आम्हाला वाटायचं ते मुद्दाम करतात. तेव्हा सबवूफर नव्हता आणि आईचा आवाज ३८ हर्ट्झचा नव्हता, त्यामुळे शास्त्र इथे वडिलांच्या मदतीला येत नाही. पण खुर्चीचा गुण काही असावाच. मधोमध बसणाऱ्याला सगळ्यात कमी ऐकू येतं, हे मी शाळेत मुख्याध्यापकांच्या केबिनबाबतही पाहिलं होतं.

मुलाला फोन केला. तो हसला. म्हणाला, "पप्पा, एक उपाय आहे. पेटीला तुमच्या खुर्चीवर बसवा आणि तुम्ही रांगा."

मी म्हटलं, "शुद्धीवर आहेस ना?"

तो शुद्धीवर होता. जगभरचे शौकीन हेच करतात म्हणे. नियम असा की बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने जागा बदलल्या तरी दोघांमधला आवाज तेवढाच राहतो. माझ्या खुर्चीतून दाराजवळचा आवाज जितका ऐकू येईल, तितकाच दाराजवळून खुर्चीतला. हे हेल्महोल्ट्झने आणि पुढे इंग्लंडच्या लॉर्ड रॅलेने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलं. संसारात हा नियम लागू पडत नाही हे दोघांच्याही पत्नींनी त्यांना सांगितलं असेल, पण ते ग्रंथात आलेलं नाही. तेव्हा पेटी खुर्चीत ठेवायची, तिला एकसुरी ठेका वाजवत ठेवायचं, आणि आपण जमिनीलगत कान नेत भिंतीकडेने फिरायचं. जिथे ठेका भरीव आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे पेटीची जागा.

दुपारी तीनची वेळ धरली, म्हणजे कुणी येणार नाही. पेटीला दोन्ही हातांनी उचलून खुर्चीत बसवलं. पंखा चालू होता. त्या काळ्या पेटीला तिथे असं ऐटीत वारा खात बसलेलं पाहून माझ्या मनात जे आलं ते मी इथे लिहीत नाही. मग धोतर असतं तर खोचलं असतं, पायजमाच सावरला आणि रांगायला सुरुवात केली.

वय ६१. गुडघ्यांनी पहिल्याच फेरीत लेखी हरकत नोंदवली. पण घर जमिनीवरून पाहिलं की वेगळंच दिसतं. सोफ्याखाली मुलाच्या पाचवीतली गोटी सापडली. टीव्हीपासून दीड फुटावर ठेका फुगीर येत होता, दारापाशी नुसताच फुसका, दोन खिडक्यांच्या मधे एकदम सरळ आणि नेटका. एका हाताने खडूची खूण करत, एका हाताने तोल सावरत मी चाललो होतो. आईने खाटेवरून पाहिलं आणि बायकोला हाक मारून आनंदाने सांगितलं, "आयक, पोऱ्या रांगाले लागना!" ६० वर्षांपूर्वी तिने हेच वाक्य याच आनंदाने म्हटलं असणार.

तेवढ्यात दार वाजलं. बायकोने उघडलं. गल्लीतले एक आप्पा लग्नपत्रिका घेऊन उभे होते. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. तिथे पेटी. त्यांनी खाली पाहिलं. तिथे मी.

"काई हरपनं का गुरुजी?"

"खर्ज," मी जमिनीवरून म्हणालो.

आप्पांनी समजूतदारपणे मान हलवली, पत्रिका पेटीच्या मांडीवर ठेवली, अक्षताही तिथेच ठेवल्या, आणि "सहकुटुंब यायचं" असं तिलाच सांगून गेले.

रांगत रांगत मी नैऋत्येच्या कोपऱ्यात आलो. आईच्या खाटेच्या पायाशी कान नेला आणि थांबलो. इथे ठेका खुर्चीतून येत नव्हता, भिंतीतून येत नव्हता, तो नुसताच होता. छातीत आधी आणि कानात नंतर. मला हे कुठेतरी आधी ऐकलंय असं वाटलं, आणि मग आठवलं कुठे.

नोकरीची पहिली काही वर्षं मी मोलगीच्या बाजूला, सातपुड्यात होतो. तेव्हा नंदुरबार जिल्हा व्हायचा होता, तो १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्या काळी धुळ्याहून निघालेला कागद मोलगीला पोचेपर्यंत त्यातल्या मजकुराचीही मुदत संपलेली असे. तिथे पहिल्या वर्षी होळीला सहकाऱ्यांबरोबर काठी या गावाला निघालो. काठीची राजवाडी होळी म्हणजे सातपुड्यातली मोठी होळी. उंच बांबू उभा करतात, रात्रभर नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. आम्ही अंधारात डोंगरातून चाललो होतो आणि बराच वेळ मला वाटत होतं की माझं काळीज जोरात धडधडतंय. चढ होता, वय तरुण होतं, दोन्ही कारणं पुरेशी होती. मग सोबतचा म्हणाला, ढोल आहेत.

कुठून, ते कळेना. एका वळणावर वाटे डावीकडच्या डोंगरातून, पुढच्या वळणावर वाटे पायाखालून. वर घुंगरांचा आवाज नाही, बोलण्याचा नाही, काही नाही. बारीक आवाज झाडांनी आणि हवेनेच पिऊन टाकले होते, खर्ज तेवढा डोंगराला वळसा घालून आमच्यापर्यंत चालत आला होता. गावाजवळ आलो तेव्हा मग पावा ऐकू आला, घुंगरं आली, कंबरेला सुकलेले भोपळे बांधून आणि अंगावर नक्षी काढून नाचणारे बुध्या आले, डोक्यावरचे मोरपिसांचे टोप दिसले. आणि ढोल. वाजवणाऱ्याचा चेहरा मागून कसाबसा दिसावा एवढाले. त्यांना कुठे ठेवायचं हा प्रश्न तिथे कुणाला पडला नव्हता. वाजवणारे ते अंगावर घेऊन फिरत होते, आणि ऐकणारेही एका जागी बसलेले नव्हते. सगळेच नाचत होते. शून्याच्या जागेवर कुणी राहतच नव्हतं.

या आठवणीत मी खाटेच्या पायाशी किती वेळ बसलो कोण जाणे. आईने खांद्यावर हात ठेवला.

"ढोल वाजी ऱ्हायनात का रे? कोना घर लगीन शे?"

मी दचकून वर पाहिलं. आईला टीव्हीचं एक अक्षर ऐकू येत नाही. मालिका ती चेहऱ्यांवरून बघते आणि कथा स्वतः रचते, ती पुष्कळदा मूळ कथेपेक्षा बरी असते. म्हातारपणी आधी वरचे सूर जातात, 'स', 'त', 'क' असली व्यंजनं जातात, म्हणून बोलणं ऐकू येऊनही समजत नाही. आपण मोठ्याने ओरडत राहतो आणि ती हसून मान डोलावते. पण खालचे सूर शेवटपर्यंत टिकतात. आणि ती पडलेली होती दोन भिंतींच्या कोपऱ्यात, जिथे खोलीतल्या सगळ्या लाटा आपापली वसुली जमा करतात. पंधरा दिवस आम्ही पेटी इकडून तिकडे हलवत होतो आणि त्यातला प्रत्येक दणका सगळ्यात भरघोस कुणाला मिळाला होता, तर जिला या विषयातलं कुणी काही विचारलंच नव्हतं तिला.

"तुला ऐकू येतं?" मी विचारलं. तिला हे ऐकू आलं नाही. मी छातीवर हात ठेवून खूण केली.

"माले आयकू ई ऱ्हायनं ना," ती म्हणाली. "रोज येस. म्हनलं गावमा यंदा लई लगीनं शेतस."

भिंतीला कान असतात असं आपण म्हणतो ते चहाडीच्या संदर्भात. भिंतीला टेकून बसणाऱ्यांना कान असतात, हा त्याचा खरा अर्थ असावा. आमचा जिल्हाही तसाच, महाराष्ट्राच्या नकाशात अगदी वायव्येच्या कोपऱ्यात सरकवलेला. एका बाजूला गुजरातची भिंत, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेशची. सत्तेच्या मधोमध बसलेल्या मुंबई-पुण्याला वाटतं की कोपऱ्यात काय ऐकू येणार. इथे बाजारात एका तराजूपाशी उभं राहिलं की अहिराणी, भिली, पावरी, गुजराती आणि शाळेतली मराठी एकदम कानावर पडते, आणि मिरचीचा भाव पाचही भाषांत सारखाच तिखट असतो.

पेटी शेवटी दोन खिडक्यांच्या मधे, खडूच्या खुणेवर गेली. तिथून आवाज भरीव येतो, ताटं गप्प राहतात आणि वडिलांचा फोटो सरळ असतो. पण शून्यावर बसणाऱ्याला तिथूनही पूर्ण दान मिळत नाही. लॉर्ड रॅले स्वतः आले तरी मिळणार नाही. तेव्हा मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. पेटी होती तिथे राहू दिली आणि स्वतः हललो. हल्ली रात्री आठनंतर मी आईच्या खाटेच्या कडेला, कोपऱ्यात पाठ टेकून बसतो. वारा येत नाही. डास येतात. पूल कोसळला की आई माझ्याकडे बघते आणि मी मान डोलावतो. तिचा समज मी दुरुस्त केलेला नाही. गावात लगीनं खूप आहेत, एवढंच तिच्या दृष्टीने खरं आहे, आणि ते वाईटही नाही.

पंख्याखालची खुर्ची एक दिवस रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहतो तो बायको तिच्यात बसलेली, पाय वर घेऊन, हातात हातपंखासुद्धा नाही, कारण डोक्यावर मोठा पंखा. पडद्यावर तोफा सुटत होत्या, कोपऱ्यात आई आणि मी हादरत होतो. ती मात्र निवांत मेथी निवडत होती.

"किती शांत जागा आहे हो ही," ती म्हणाली. "३० वर्षं सांगितलं नाहीत."